आफ्रिका खंडाची परिचयात्मक मांडणी : किल्लारी परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

किल्लारीचे नाव घेताच महाराष्ट्रातील कोणाच्याही मनात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उभी राहते. औसा तालुक्यातील या गावाला त्या पहाटेपूर्वीही शेती होती, बाजार होता, नातीगोती होती. परंतु बाहेरच्या जगाला ते गाव एका आपत्तीपुरतेच ठाऊक आहे. आफ्रिका खंडाच्या वाट्यालाही हेच आले आहे. वाळवंट, वन्य प्राणी, दुष्काळ आणि गुलामगिरी एवढ्यावर आपली ओळख थांबते. पदवीच्या वर्गात या खंडाचा परिचय ज्या क्रमाने करून दिला जातो, त्या क्रमाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भूगोलाची मांडणी :

रूढ मांडणी प्राकृतिक रचनेपासून सुरू होते. पृथ्वीवरील भूभागाचा सुमारे एक पंचमांश हिस्सा व्यापणारा, विषुववृत्त आणि दोन्ही अयनवृत्ते ज्यावरून जातात असा हा खंड. सहारा, नाईल, किलिमांजारो (५,८९५ मीटर) ही माहिती आवश्यकच आहे. दोष माहितीत नसून तिच्या तुटकपणात आहे. सहारा म्हणजे ओसाड वाळू एवढेच विद्यार्थ्याला कळते. त्याच वाळवंटातून मीठ आणि सोने यांचा व्यापार शतकानुशतके चालला व त्यातून टिंबक्टूसारखे विद्येचे केंद्र उभे राहिले, हे मात्र इतिहासाच्या तासासाठी राखून ठेवले जाते आणि तो तास बहुधा येतच नाही.

वास्तविक आपल्या विद्यार्थ्याला हा खंड परका नाही. भारतीय द्वीपकल्प आणि आफ्रिका हे एकेकाळी ज्या प्राचीन भूखंडाचे भाग होते, त्याचे ‘गोंडवन’ हे नाव गोंडांच्या प्रदेशावरून पडले आहे. नांदेड जिल्ह्यातील किनवट परिसरात गोंड समाज आजही राहतो. भूकंपाने हादरलेली किल्लारीची भूमी बेसॉल्टच्या थराखाली त्याच प्राचीन खडकावर उभी आहे.

मराठवाड्यातील आफ्रिकी वारसा :

दुसरा तुटकपणा अधिक गंभीर आहे. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि दख्खनमध्ये आलेला हबशी. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर त्याने निजामशाहीच्या वारसास परंड्यास गादीवर बसविले. १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले. १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकली. जमीन महसुलाची घडी बसविली. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. मराठवाड्याच्या इतिहासात त्याला वजीर म्हणून मान मिळतो, पण त्याचे ‘हबशी’ असणे कंसात जाते. आफ्रिकेच्या पाठात तर त्याचे नावही येत नाही.

साहित्याभ्यासातही आपण आडवाटेनेच आफ्रिकेकडे गेलो. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने कृष्णवर्णीयांच्या वेदनेशी मराठी वाचकाचे नाते जोडले. दलित साहित्याच्या विचाराला त्याचा उपयोग झाला. तथापि हा परिचय अमेरिकेतील वंशजांचा होता. मूळ खंडातील समाज, भाषा व राज्ये त्यानंतरही आपल्या अभ्यासाच्या कडेलाच राहिली.

वसाहतवादाचा पाठ :

१८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत आफ्रिकेच्या वाटपाचे नियम ठरले, तेव्हा तेथे एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. पुढे नकाशावर आखलेल्या रेषांनी समाज तोडले. सोमाली भाषक ब्रिटिश, इटालियन व फ्रेंच वसाहतींत आणि इथिओपियात विभागले गेले. सरळ रेषेतील सीमा म्हणजे काय, हे किल्लारीच्या विद्यार्थ्याला समजावणे अवघड नाही. भूकंपानंतर जुन्या गावठाणातील वळणावळणाच्या गल्ल्या जाऊन पुनर्वसित वसाहतीत समांतर रस्ते आले. ही तुलना मर्यादेतच करावी. पुनर्वसनामागे मदतीचा हेतू होता, बर्लिनमागे लुटीचा. तरीही राहणाऱ्याच्या सवयीने घडलेली रेषा आणि कागदावर आखलेली रेषा यांतील फरक हा विद्यार्थी घरच्या अनुभवाने जाणतो.

दुसरीकडे, वसाहतवाद हाच आफ्रिकेचा संपूर्ण इतिहास मानणे हीदेखील चूक ठरेल. इथिओपियाने १८९६ मध्ये अडोवा येथे इटलीचा पराभव केला. ग्रेट झिंबाब्वेच्या चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती आफ्रिकी हातांनी उभारल्या, हे मान्य करण्यास गोऱ्या वसाहतकारांनी दीर्घकाळ नकार दिला. तसेच मलिक अंबरचा केवळ गौरव करून त्याला विकणारा गुलामांचा बाजार झाकणे योग्य नव्हे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, आफ्रिकेच्या परिचयातील उणीव माहितीच्या अभावाची नसून क्रमाची आणि विषयांच्या फारकतीची आहे. भूगोल, इतिहास व मराठी या तीन विभागांनी एकत्र बसून एक घटक तयार करावा आणि त्याचा प्रारंभ खुलताबादच्या कबरीपासून करावा. आपले गाव केवळ भूकंपाचे नाही, हे सांगताना किल्लारीच्या मुलांना जे कष्ट पडतात, त्यांची जाणीव असलेल्या अध्यापकाने दुसऱ्या खंडावर तोच अन्याय करू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.