तारखेची जागा मोकळी

टेंभुर्णीच्या एसटी स्टँडवर सकाळी पेपर उघडला की आतल्या पानावर कधीमधी आपल्या गावाचं नाव दिसतं. ‘टेंभुर्णी, ता.’ आणि पुढे आकडा. हायवेवरचा अपघात, उजनीचं आवर्तन, उसाचा दर. चार ओळींत बातमी संपते, गाव त्यात मावत नाही. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ या कादंबरीचं नाव मला म्हणूनच फार आवडतं. बातमीची सुरुवात त्यांनी जशीच्या तशी उचलली आणि तारखेची जागा मोकळी ठेवली. ती कुठल्याही दिवसाने भरता येते.

परतवाड्यात १९४१ साली जन्मलेले साधू ‘केसरी’त वार्ताहर झाले, पुढे मुंबईच्या इंग्रजी दैनिकांत रमले, ‘फ्री प्रेस जर्नल’चे संपादकही झाले. दिवसा इंग्रजीत बातमी लिहिणाऱ्या या माणसाने कादंबरी मात्र मराठीत लिहिली. त्या मराठीला नटण्याची हौस नाही. वाक्य कामावर निघालेल्या माणसासारखं चालतं, आणि वाचणारा त्याच्या मागे विधानभवनाच्या पायऱ्या कधी चढतो ते कळत नाही.

त्यांच्या ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबरीत मुख्यमंत्री जिवाजीराव आहेत, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आहेत, आणि सगळीकडे वावरणारा वार्ताहर दिगू टिपणीस आहे. दिगूचं बळ आणि दुखणं एकच : त्याला सगळं कळतं. त्यातलं छापता येईल तेवढं छापून होतं, उरलेलं त्याच्या आत साचत राहतं. साधूंची कादंबरी मला त्या साचलेल्याची वाटते. खुर्चीवरच्या माणसालाही ते खलनायक करत नाहीत, त्याची धास्ती दाखवतात. आम्ही उसाच्या पट्ट्यातली माणसं. कोणाची गाडी कोणाच्या दारात किती वेळ थांबली, यावरून पुढचा चेअरमन ओळखतो. ही मुंबई आम्हाला परकी वाटत नाही.

जब्बार पटेलांनी १९७९ साली या दोन्ही कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ हा चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. वाड्यातल्या मुजोर पाटलांच्या भूमिकांमुळे गावोगाव ठाऊक असलेले निळू फुले दिगू झाले. शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. इतकं साचल्यावर दुसरं काय बाहेर पडणार?

पुढे साधूंनी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, विद्यापीठाच्या वृत्तविद्या विभागाचे प्रमुख म्हणून सहा वर्षं शिकवलं. त्या विद्यार्थ्यांचा मला हेवा वाटतो. बातमीत काय यावं हे सांगणारे पुष्कळ असतात. काय निसटतं, हे कादंबऱ्या लिहून दाखवलेला माणूस त्यांच्यासमोर उभा होता.

परवा पेपरात पुन्हा टेंभुर्णीची चार ओळींची बातमी आली. कालव्याला पाणी सुटल्याची. ते पाणी कोणाच्या शिवारात आधी पोहोचलं, हे तिच्यात नव्हतं.