'नोंद सापडली नाही' असं नक्की कोण म्हणालं?

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. ॲप्लिकेशनच्या कोडमधून डेटाबेसला विचारलेली क्वेरी चुकते, तेव्हा ती चूक शोधायची कशी? शोधण्याच्या चार युक्त्या मी सांगणारच आहे. पण माझं खरं भांडण एका वाक्याशी आहे, आणि ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी वाचलेलं आहे: 'नोंद सापडली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

हे वाक्य कोणाचं? आपण धरून चालतो की डेटाबेसचं. प्रत्यक्षात डेटाबेस असं काही बोलत नाही. तो तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकतो. पहिली: मी शोधलं, जुळणारी एकही ओळ नाही. दुसरी: तुमचा प्रश्न मला कळला नाही, किंवा कळला पण तो पुरा करता येत नाही. आणि तिसऱ्या वेळी तो काहीच बोलत नाही, कारण प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो, जोडणी तुटलेली असते.

कचेरीत गेल्यावर कारकून म्हणाला 'दप्तर पाहिलं, तुमचं नाव नाही', तर ती एक गोष्ट. 'तुमचा अर्ज वाचता येत नाही' ही दुसरी. 'दप्तरखान्याची किल्ली आज नाही' ही तिसरी. या तिन्हींना एकच उत्तर देणाऱ्या कारकुनाला आपण काय म्हणू? आपला कोड मात्र तेच करतो, आणि त्याला आपण 'युजर फ्रेंडली' म्हणतो.

हे घडतं कसं, बघा. क्वेरी ट्राय-कॅचमध्ये ठेवलेली असते. चूक झाली की कॅचमध्ये रिकामी यादी परत द्यायची, म्हणजे स्क्रीन कोसळत नाही. पुढच्या फंक्शनला वाटतं, शून्य ओळी आल्या. ते बिचारं प्रामाणिकपणे छापतं, 'नोंद सापडली नाही'. झालं! चुकीचं रूपांतर माहितीत झालं.

याचा दोष एकट्या प्रोग्रामरचा नाही, हेही सांगायला हवं. हत्यारंच अनेक वर्षं मुकी होती. पीएचपीचं उदाहरण घ्या. त्यातला पीडीओ क्वेरी चुकली की मूळ सेटिंगमध्ये गप्प राहायचा. २०२० साली आलेल्या पीएचपी ८.० पासून तो एक्सेप्शन फेकतो. मायएसक्यूएलआयनं तेच धोरण पुढच्या वर्षी, ८.१ मध्ये स्वीकारलं. त्याआधी काय व्हायचं? क्वेरी चुकली की निकालाऐवजी 'फॉल्स' मिळायचं, आणि तक्रार यायची पुढच्या ओळीवर: 'इथे निकाल हवा होता, बूलियन मिळालं'. त्या पुढच्या ओळीवर किती जणांनी रात्री घालवल्या असतील! आजार एका ओळीत, कण्हणं दुसऱ्या ओळीत. म्हणून पहिली युक्ती: तक्रार जिथे छापली आहे तिथे थांबू नका, एक पाऊल मागे जा.

हाच नियम मायएसक्यूएलच्या प्रसिद्ध १०६४ क्रमांकाच्या चुकीलाही लागू आहे. तो 'अमुकच्या जवळ वाक्यरचना चुकली' असं सांगतो, आणि क्वेरीचा एक तुकडा दाखवतो. तो तुकडा सुरू होतो जिथे वाचन अडलं तिथून. चूक बहुतेक वेळा त्याच्या अगदी आधी असते: राहिलेला स्वल्पविराम, न मिटलेला कंस. लोक दाखवलेला तुकडा भिंग लावून तपासतात, आणि तो निर्दोष असतो.

दुसरी युक्ती: क्रमांक वाचा. पोस्टग्रेस प्रत्येक चुकीला पाच अक्षरी संकेत देतो, आणि त्यातली पहिली दोन अक्षरं म्हणजे तिचं कूळ. ०८ म्हणजे जोडणीचा प्रश्न. २३ म्हणजे नियमभंग, उदाहरणार्थ एकच क्रमांक दोनदा घातला. ४२ म्हणजे तुमच्या वाक्यातच खोट आहे, किंवा तुम्हाला तो अधिकार नाही. ४० म्हणजे व्यवहार मागे घ्यावा लागला, दोन जण एकमेकांची वाट अडवून बसले होते.

आता 'पुन्हा प्रयत्न करा' हा सल्ला यांतल्या कोणाला लागू पडतो? ४० ला नक्की. ०८ ला कधीकधी. ४२ ला? हजार वेळा बटण दाबा, चुकीचं लिहिलेलं कॉलमचं नाव बरोबर होणार नाही. ओआरएमनं अवतरणचिन्हांत, कॅपिटल अक्षरांसह कॉलम बनवला, आणि तुम्ही हाताने क्वेरी लिहिताना अवतरण गाळलं, तर पोस्टग्रेस ते नाव स्मॉल करून शोधतो आणि ४२७०३ देतो. ही दुरुस्ती प्रोग्रामरकडे आहे. बटण मात्र आपण नागरिकाच्या हातात दिलंय.

आता नावांकडे येतो, कारण तिथे खरा जीव अडकतो.

वसईतला किंवा गोव्यातला एखादा डिसोझा आपलं नाव रोमन लिपीत अपॉस्ट्रॉफी घालून लिहितो. तुम्ही क्वेरी तुकडे जोडून बनवली असेल, तर ती अपॉस्ट्रॉफी तिथेच अवतरण मिटवते आणि १०६४ येतो. ही चूक म्हणजे उपकार समजा! ती सांगते आहे की नावाच्या रकान्यातून कोणीही तुमच्या क्वेरीत घुसू शकतो. उपाय ठरलेला आहे: क्वेरी वेगळी, मूल्य वेगळं, प्लेसहोल्डर वापरायचा. पण घाईत काय करतात? फॉर्मवर नियम टाकतात, 'विशेष चिन्हं चालणार नाहीत'. प्रोग्राम वाचतो, माणसाचं नाव बदलतं. दुरुस्ती चुकीच्या पक्षाची झाली.

डिसोझांचा प्रश्न निदान आवाज करतो. आपल्या मराठी नावांचा आवाजच होत नाही. खडकवासल्याजवळचं गोऱ्हे बुद्रुक घ्या. 'गोऱ्हे'मधला तो ऱ्ह संगणकात तीन तऱ्हांनी साठवता येतो. एक: नुक्तावाला ऱ हे एकच अक्षर आणि पुढे हलन्त. दोन: साधा र, वेगळा नुक्ता, मग हलन्त. तीन: साधा र, हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून हीही रीत चालू ठेवलेली आहे. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात. मोजाल तर पहिल्या रीतीनं 'गोऱ्हे' म्हणजे सहा संकेत, अठरा बाइट. बाकी दोन्हींनी सात संकेत, एकवीस बाइट.

आता क्वेरी चालवा: जिथे आडनाव बरोबर गोऱ्हे. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या व्यवस्थेत 'बरोबर' म्हणजे बाइटला बाइट जुळलं पाहिजे. नोंद एका कीबोर्डनं भरली, शोध दुसऱ्या कीबोर्डनं घेतला. शून्य ओळी. कसलीही चूक नाही, लॉग स्वच्छ, सर्व्हर हिरवा. आणि खिडकीपाशी उभ्या माणसाला सांगितलं जातं, तुमची नोंद नाही. मायएसक्यूएलमध्ये हे कोलेशनवर ठरतं, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर नाव सापडेल आणि खऱ्या सर्व्हरवर सापडणार नाही, असंही होऊ शकतं.

ओरॅकलमध्ये आणखी गंमत. तिथे रकान्याची लांबी मूळ सेटिंगमध्ये बाइटांत मोजतात. यूटीएफ-८ डेटाबेसमधल्या वीस बाइटच्या रकान्यात अठरा बाइटचं गोऱ्हे बसतं, एकवीस बाइटचं गोऱ्हे बसत नाही. ओआरए-१२८९९ येतो आणि तो चक्क आकडे सांगतो: आलेली लांबी २१, मर्यादा २०. बघा किती प्रामाणिक संदेश आहे! तो दाबून 'सर्व्हर व्यस्त आहे' असं छापणाऱ्याला काय म्हणावं?

म्हणून तिसरी युक्ती: डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मोजा. नावाची लांबी काढा, हेक्स काढा, दोन ओळी शेजारी ठेवा. कोडनं पाठवलेली नेमकी क्वेरी, नेमक्या मूल्यांसह, त्याच डेटाबेसवर आणि त्याच युजरनं हातानं चालवा. निम्म्या वेळा कळतं की आपण भलत्याच सर्व्हरशी बोलत होतो.

पुणेकरांनी तरी हे विसरू नये. सी-डॅक १९८८ साली याच शहरात उभी राहिली, आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम तिथे झालं. इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक १९९१ चं. श्रीलिपी पुण्याचीच. तेव्हापासून आजवर आपला मजकूर फॉन्टच्या संकेतांतून, इस्कीतून, युनिकोडमधून फिरत आलाय, आणि प्रत्येक मुक्कामावर थोडा गाळ राहिलाय. जमाबंदी आयुक्तांचं कार्यालयही पुण्यातच आहे. २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. मी त्या यंत्रणेवर दोष ठेवत नाहीये. माझा मुद्दा एवढाच की ज्या राज्यात माणसाचं नाव आणि गावाचं नाव जुळण्यावर जमीन, कर्ज, दाखला अवलंबून आहे, तिथे 'शून्य ओळी' हे उत्तर तपासल्याशिवाय बाहेर देणं म्हणजे बेजबाबदारपणा.

काही जण यावर लाइक वापरतात, अर्धवट जुळणी. मग वडगाव बुद्रुक शोधताना वडगाव खुर्दही हाती येतं, आणि कोड पहिली ओळ उचलून मोकळा होतो. नाव न सापडण्यापेक्षा दुसऱ्याचं सापडणं जास्त वाईट. खरा उपाय कंटाळवाणा आहे: एकच रीत ठरवा, आणि साठवताना व शोधताना दोन्हीकडे तीच लावा. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे. ते वेगळा नुक्ता जोडून देतं, पण झेडडब्ल्यूजेवाली रीत बदलत नाही. तो नियम आपल्यालाच लिहावा लागणार. मराठीची काळजी दुसरं कोण घेणार?

हा रोग फक्त आपला नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. मग बॅकअप शोधले, तर ते बनतच नव्हते, कारण बॅकअपचा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा होता. तो दर वेळी चूक सांगत होता, पण ती सांगणारे मेल नाकारले जात होते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. कंपनीनं हे सगळं स्वतः जाहीर केलं, हे कौतुकास्पद. पण धडा बघा: यंत्र ओरडत होतं, ऐकायला कोणी नव्हतं.

एक प्रश्न आलाय: 'सर, सगळी चूक युजरला दाखवली तर हॅकरला आयतं कुरण नाही का मिळणार?' बरोबर आहे, मिळेल. टेबलांची नावं, क्वेरी, काहीही बाहेर दाखवू नका. तपशील लॉगमध्ये ठेवा, आणि लॉगमध्येही लोकांची खासगी माहिती ओतू नका. पण युजरला तीनपैकी कोणतं उत्तर आहे ते सांगा. 'शोध पूर्ण झाला, या नावाची नोंद मिळाली नाही. नाव वेगळ्या रीतीनं लिहून पाहा.' किंवा 'आमच्याकडून चूक झाली, शोध झालेलाच नाही. तक्रार क्रमांक अमुक.' किंवा 'यंत्रणेशी संपर्क होत नाही, थोड्या वेळानं पाहा.'

तीन वाक्यं लिहायला दहा मिनिटं लागतात. 'शोध झालेलाच नाही' हे वाचलेला माणूस तक्रार क्रमांक घेऊन भांडू तरी शकतो. 'नोंद नाही' वाचलेला घरी परत जातो.