‘डेथ मॅग्नेटिक’ : चाहत्यांची तक्रार पुरावा कशी झाली?

मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ सप्टेंबर २००८ मध्ये आला. त्याआधीच्या ‘सेंट अँगर’मध्ये (२००३) गिटार सोलो नव्हते आणि स्नेअर ड्रम पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाजायचा. नव्या अल्बममध्ये सोलो परतले, लांबलचक थ्रॅश गाणी परतली. ‘जुना बँड परत आला’ म्हणून चाहते खूश झाले. पण सोबत एक तक्रारही आली: आवाज फाटतोय.

आता तुम्ही रिव्ह्यूअर आहात असं समजा. ‘जुना बँड परत आला’ हे तपासणार कसं? त्यात आठवणी मिसळल्यात. ‘आवाज फाटतोय’ हे मात्र तपासता येतं, आणि चाहत्यांनी ते तपासलं.

हीच गाणी ‘गिटार हीरो ३’ या व्हिडिओ गेमसाठीही निघाली होती. लोकांनी दोन्हींचे वेव्हफॉर्म शेजारी-शेजारी ठेवले. सीडीचा आलेख विटेसारखा सपाट, तर गेमच्या आलेखात ड्रमच्या ठोक्यांची टोकं स्पष्ट दिसत होती. डिजिटल आवाजाला वरची एक मर्यादा असते. सगळंच जोरात हवं म्हणून हळू भाग वर उचलले, की मोठ्या ठोक्यांना जागा उरत नाही, ते छाटले जातात. तीच ती खरखर.

बँड तोच, गाणी तीच, म्हणजे हा जवळजवळ कंट्रोल झाला. ‘जवळजवळ’ का? कारण गेमला गिटार आणि ड्रम वेगळे ट्रॅक म्हणून लागतात, त्यामुळे मिक्सच वेगळं होतं. तुलनेतून एवढंच कळतं की खरखर टाळता आली असती. ती कुठल्या टप्प्यावर शिरली, ते कळत नाही. अनेकांनी थेट मास्टरिंगला दोष दिला. पण मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांनीच सांगितलं की मिक्स त्यांच्याकडे आलं तेव्हाच दाबलेलं होतं. परिणाम बरोबर मोजला, कारण मात्र अंदाजाने चिकटवलं. थीसिसमध्येही नेमकं हेच होतं, बघा.

पुन्हा मिक्स करा म्हणून निघालेल्या निवेदनावर हजारो सह्या झाल्या. त्याच वेळी अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता. सह्यांवरून तक्रार किती तीव्र होती ते कळतं, किती श्रोत्यांची होती ते नाही.

माझ्या मते तक्रार रास्तच होती, आणि गाणी चांगली असल्यामुळेच ती जास्त बोचते. ‘द डे दॅट नेव्हर कम्स’ हळू सुरू होऊन शेवटी वेग पकडतं. गाण्याचा सगळा जीव त्या चढण्यात आहे. हळू आणि जोरदार भागांतलं अंतरच कमी केलं, तर चढायला उरतं काय?

दोन्ही आवृत्त्या स्वतः ऐका, पण आधी आवाजाची पातळी सारखी करून घ्या. जी जरा मोठ्याने वाजते, ती आपल्याला उगाचच चांगली वाटते.