बापाविना वाढलेला ‘मायबाप’ : जेम्स औट्रमच्या चरित्राचे एक वाचन

चाळीसगावहून कन्नडकडे जाताना लागणाऱ्या घाटाला खानदेशात ‘औट्रम घाट’ म्हणतात. ज्याचे हे नाव, त्या जेम्स औट्रमचे (१८०३–१८६३) फ्रेडरिक गोल्डस्मिडकृत दोन खंडांचे चरित्र १८८० साली प्रसिद्ध झाले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील खंडही त्याच वर्षीचा. एका संहितेत माणूस आहे, दुसरीत मुलूख. परंतु या दोहोंना जोडणारे रूपक एकच आहे, ते म्हणजे रानटी लेकरांना माणसांत आणणाऱ्या पित्याचे. खानदेशाच्या इतिहासलेखनात हे रूपक इतके रुळले आहे, की ते रूपक आहे याचाच विसर पडतो. कोणी ‘भला साहेब’ म्हणून औट्रमचा गौरव करतो, तर कोणी हा भलेपणा म्हणजे निव्वळ मुखवटा म्हणून तो झिडकारतो. दोन्ही वाचनांत वाद चालतो तो पिता खरा की खोटा एवढाच. पित्याची ही जागा मुळात कोठून निर्माण झाली, हा प्रश्न अस्पर्श राहतो.

त्याचे उत्तर शोधताना चरित्राच्या आरंभीच्या, सहसा घाईने वाचल्या जाणाऱ्या प्रकरणांकडे वळावे लागते. औट्रमचे वडील बेंजामिन हे डर्बीशायरमधील नामांकित अभियंता. १८०५ मध्ये ते वारले, तेव्हा जेम्स दोन वर्षांचा होता. कुटुंब जवळजवळ निर्धन झाले. आई मार्गारेट ही कृषिविषयक लेखनाने ख्यातनाम झालेल्या डॉ. जेम्स अँडरसन यांची कन्या. वडिलांच्या सेवेचा दाखला देऊन तिने सरकारदरबारी दाद मागितली आणि निवृत्तिवेतन मिळविले. अ‍ॅबर्डीनजवळ काटकसरीत वाढलेला हा मुलगा १८१९ मध्ये कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाला. भाऊ फ्रान्सिसही मुंबईच्या इंजिनिअर्स दलात होता. विधवेच्या घरातील कर्त्या वयाच्या मुलांना मिळालेली ही चाकरी होती. साम्राज्य ही मध्यम स्थितीतील ब्रिटिश कुटुंबांची एक अर्थव्यवस्थाही होती, हे या तपशिलांतून उघड होते.

येथे एक गोष्ट लक्षणीय ठरते. आईने सरकारकडे जे मागितले, ते दया म्हणून नव्हे, तर बापाच्या कामाचे देणे म्हणून. हक्काची ही भाषा औट्रमच्या घरातच बोलली गेली होती. खानदेशात मात्र तीच भाषा बोलणाऱ्यांना चरित्राने लेकरे ठरविले.

१८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या अमलाखाली आला. पेंढाऱ्यांची धामधूम आणि त्यापूर्वीचा दुष्काळ यांनी मुलूख उजाड झाला होता. गावराखणीबद्दल आणि घाटवाटांच्या बंदोबस्ताबद्दल भिल्लांना परंपरेने काही हक्क मिळत. ते बुडाल्याने आणि नव्या राजवटीत त्यांची शाश्वती न उरल्याने उठावांची मालिका सुरू झाली. केवळ लष्करी मोहिमांनी काम होत नाही असे दिसल्यावर १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. औट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला, तर दक्षिणेकडे कन्नडच्या बाजूस ओव्हान्स या अधिकाऱ्याने भिल्लांना जमीन, बी-बियाणे व तगाई देऊन वसविण्याचे काम हाती घेतले. वरणगाव-भुसावळच्या परिसरापासून धरणगावापर्यंत पसरलेल्या तापीच्या सुपीक खोऱ्यातून महसूल मिळवायचा, तर लगतच्या डोंगरांतील माणूस स्थिर करणे अटळ होते. नांगर, घर आणि बायकामुले यांत गुंतलेला भिल्ल हे या धोरणाचे साध्य होते. म्हणजेच कुटुंब हे येथे शासनाचे साधन झाले.

हे साधन वापरणारा अधिकारी स्वतः मात्र त्या काळात अविवाहित होता. त्याची खानदेशातील सुमारे दहा वर्षे चरित्रात शिकार, धाडस आणि भिल्लांशी निःशस्त्र सहवास यांनी भरलेली आहेत. घराची रिकामी जागा पलटण भरून काढते. १८२९ मध्ये भाऊ फ्रान्सिस अकाली वारला. १८३५ मध्ये औट्रमचा खानदेशातील कार्यकाळ संपला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मार्गारेट क्लेमेंटिना अँडरसन या नात्यातील मुलीशी त्याचा विवाह झाला. पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुलाचे नाव फ्रान्सिस. खरा संसार सुरू होताच भिल्लांचा ‘संसार’ कथनातून मागे सरतो, हा कालक्रम योगायोगाचा असेल. कथनाच्या रचनेत मात्र तो अर्थपूर्ण होतो.

औट्रमच्या चरित्रपरंपरेत एक हकीकत सांगितली जाते. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच्या काही जुन्या भिल्ल शिपायांना एक ओबडधोबड मूर्ती सापडली. तीत त्यांना औट्रमचे साम्य दिसले आणि ‘औट्रमसाहेब’ म्हणून त्यांनी ती पुजली. इंग्रज निवेदक याचा अर्थ पितृभक्ती असा लावतो आणि मूर्तीच्या कुरूपतेवर हसतोही. परंतु ज्या समाजात मृतांचे दगड उभारून त्यांना नैवेद्य दाखविला जातो, तेथे पूजा ही नेहमी प्रेमाचीच खूण असते असे नाही. ज्याचा कोप टाळायचा, त्यालाही शेंदूर लागतो. निवेदकाने हा पर्याय विचारातही घेतला नाही, कारण त्याच्या रूपकात लेकरांना भीती वाटू शकते, हिशेब मात्र कळू शकत नाही.

हा हिशेब १८५७ मध्ये पुढे आला. सेंधवा घाटाच्या राखणीची सरकारी चाकरी केलेला खाज्या नाईक बंडात उतरला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील आंबापाणी येथे लढाई झाली आणि अनेक भिल्ल स्त्रिया कैद झाल्या. त्याच बंडात औट्रमची पत्नी अलीगढहून जिवानिशी निसटून आग्र्याच्या आश्रयाला पोहोचली होती. लेडी औट्रमचे हाल चरित्रात एका व्यक्तीचे दुःख म्हणून येतात; आंबापाणीच्या स्त्रिया सरकारी कागदांत केवळ संख्या म्हणून उरतात. एकाच वर्षाच्या आतबाहेर दोन कुटुंबांची वाताहत होते, पण कुटुंब म्हणून लिहिले जाते ते एकच.

औट्रमला भिल्लांविषयी आस्था नव्हती, असे यातून सिद्ध होत नाही. सिंधच्या लुटीतील आपला वाटा स्वतःसाठी न ठेवणाऱ्या या माणसाच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारणही नाही. प्रश्न त्याच्या अंतःकरणाचा नसून चरित्र या वाङ्मयप्रकाराच्या व्यवहाराचा आहे. नायकाचा चांगुलपणा जितका खरा, तितके हक्काचे कृपेत होणारे रूपांतर अधिक सहज घडते. म्हणूनच अशा चरित्रांच्या चिकित्सेत नायकाला गुण देणे वा नाकारणे गौण ठरते. एका विधवेची मागणी जेथे ‘देणे’ म्हणून नोंदली गेली, तेथे भिल्लांची मागणी ‘उपद्रव’ म्हणून का नोंदली गेली, हे विचारणे अधिक महत्त्वाचे आहे. ‘मायबाप सरकार’ हा शब्दप्रयोग मराठीत अद्याप जिवंत असताना हा प्रश्न केवळ एकोणिसाव्या शतकाचा उरत नाही.