उत्सव आणि नोंद : खानदेशातील भीमजयंतीच्या कलाकार्यक्रमांविषयी

ज्या समाजाला इतिहासग्रंथांत स्थान मिळाले नाही, त्याच्या उत्सवाकडे इतिहास सांगण्याचे कामही येते. अमेरिकेत डॉ. कार्टर वुडसन यांनी 1926 साली ‘निग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1928 साली, जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती सार्वजनिक रीतीने साजरी केली. दोन्ही समाजांचे नाते पुढेही दिसते. बाबासाहेबांनी 1946 साली कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले. 1972 साली दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेतले. आपण त्यांचे साहित्य वाचले, त्यांच्या संघटनेचे नाव घेतले. त्यांच्या उत्सवामागील शिस्त मात्र आपण पुरेशी अभ्यासली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

ही शिस्त कोणती? वुडसन हे गुलाम म्हणून जन्मलेल्या मातापित्यांचे पुत्र. कोळशाच्या खाणीत राबून शिकलेल्या या विद्वानाने 1915 साली कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था स्थापिली. 1916 साली तिचे नियतकालिक काढले. आणि दहा वर्षांनंतर सप्ताह आरंभिला. आधी कागदपत्रे, मग मिरवणूक, असा हा क्रम आहे. गावोगावच्या शाळा व चर्चमध्ये जी नाट्यदृश्ये सादर होत, त्यांना या संग्रहाचा आधार होता. 1937 साली शिक्षकांसाठी स्वतंत्र पत्रिकाही निघाली. 1976 साली सप्ताहाचा महिना झाला, तोही याच पायावर.

आपल्याकडे हे कार्य आंबेडकरी जलशांनी केले. जलसाकारांनी तमाशाचा लोकप्रिय साचा घेतला, त्यातील शृंगार दूर सारला आणि शिक्षण, मृतमांसाचा त्याग, महारवतन, मंदिरप्रवेश हे विषय संवादात व गाण्यात आणले. श्रोता निरक्षर असला तरी त्याला चळवळीचा कार्यक्रम समजे. नाशिककडील भीमराव कर्डक यांनी या कलाप्रकाराविषयी ग्रंथ लिहिला, म्हणून त्याचे स्वरूप आज आपल्याला कळते. परंतु असे लेखन अपवादात्मकच राहिले. ज्या असंख्य वस्त्यांत ढोलकी वाजली, तेथील कवनकारांची नावेसुद्धा उरली नाहीत.

खानदेशपुरता विचार करू. 31 जुलै 1937 रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामानिमित्त धुळ्यास आले असता लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम होता. त्या स्मृतीसाठी दरवर्षी 31 जुलैला तेथे भीमस्मृती यात्रा भरते. ही आपल्या प्रदेशाची मोलाची परंपरा आहे. परंतु अशा प्रसंगी, तसेच गावोगावच्या जयंतीत, जी गाणी ऐकू येतात ती बहुधा ध्वनिमुद्रित आणि सर्वत्र सारखीच असतात. चित्रपटाची चाल घेतली म्हणून त्यांना दोष देता येणार नाही. लोकप्रिय चालीवर नवे शब्द बसविणे ही जलशाचीच रीत होती. उणीव अशी की, धुळ्याच्या यात्रेत ऐकलेल्या गाण्यात धुळे नसते आणि जळगावच्या जयंतीत जळगाव नसते. पूर्वी वस्तीतील माणूस गायक होता; आज तो ध्वनिक्षेपकासमोरचा श्रोता झाला आहे.

याच परिसरातील असोदा या गावाचे उदाहरण बोलके आहे. बहिणाबाई चौधरी येथे 1880 साली जन्मल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. घरातील लिहित्या मंडळींनी त्यांची गाणी वहीत उतरवून घेतली; त्या 1951 साली निवर्तल्यावर पुत्र सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि 1952 साली संग्रह प्रसिद्ध झाला. प्रतिभा बहिणाबाईंची, हे निर्विवाद. तथापि वही नसती तर ती प्रतिभा महाराष्ट्राला कळली नसती. याच मातीत आपल्या आयाबायांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायिल्या. त्यांच्या घरी वही धरणारा कोण होता? शाळेचे दारच ज्यांना उशिरा उघडले, त्यांच्या ओव्या त्यांच्याबरोबरच गेल्या. महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांचे मोठे संकलन गी पॉइतव्हाँ व हेमा राईरकर यांनी केले व त्यात भीमओव्याही आहेत, ही समाधानाची बाब आहे. पण हे काम आपल्या विहारांनीही करावयाचे आहे.

बौद्धांना ही गोष्ट नवी नाही. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत भिक्खूंनी बुद्धवचन एकत्र म्हटले, पडताळले व स्थिर केले. पुढे श्रीलंकेत ते ग्रंथबद्ध झाले. थेरींचे उद्गारही अशाच जपणुकीमुळे आपल्यापर्यंत पोहोचले. ‘संगीती’ या शब्दातच एकत्र गाणे आणि जतन करणे ही दोन्ही कर्तव्ये सामावली आहेत. आपल्या जयंतीने पहिले कर्तव्य उचलले, दुसरे राहून गेले.

म्हणून जयंती समित्यांना आग्रहाची सूचना अशी की, कार्यक्रमातील अर्धा तास वस्तीतील वृद्ध स्त्रीपुरुषांच्या गाण्यांसाठी राखावा. ती गाणी गायकाचे नाव, गाव व वर्ष यांसह लिहून, ध्वनिमुद्रित करून विहारात ठेवावीत. आणि पुढील वर्षी त्यांतीलच एखादे गाणे मुलांनी रंगमंचावर सादर करावे. यास फार खर्च येत नाही, पण वेळ थोडा आहे. ज्यांनी बाबासाहेबांच्या काळातील गाणी आपल्या आयांच्या तोंडून ऐकली, ती पिढीही आता थकली आहे. तिच्याबरोबर जे जाईल ते कोणत्याही ध्वनिक्षेपकातून परत ऐकू येणार नाही.