संगीतशिक्षकांचें शिक्षण

गाणें येणें ही एक विद्या आणि गाणें शिकवितां येणें ही दुसरी. हा भेद ओळखून तदनुसार व्यवस्था करणारांत पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. १९०१ मध्यें लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढल्यावर त्यांनीं शिक्षक घडविण्यासाठीं ‘उपदेशक वर्ग’ सुरू केला. निवडक विद्यार्थ्यांनीं विद्यालयांतच राहावें, बरींच वर्षें शिकावें आणि शिकतां शिकतां इतरांना शिकवावें, अशी ती योजना होती. विनायकबुवा पटवर्धन याच विद्यालयाचे विद्यार्थी. त्यांनीं १९३२ मध्यें पुण्यास विद्यालय काढलें.

योजनेंत दोष नव्हता असें नाहीं. सारा भार एका पुरुषाच्या खांद्यावर होता. कर्जापायीं मुंबईची वास्तु अखेर हातची गेली. १९३१ मध्यें शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें आणि पुढें परीक्षांचा विस्तार झाला. त्यामुळें ‘विशारद’ ही पदवी बारामती-इंदापुराकडील पालकांसही अपरिचित राहिली नाहीं. परंतु तींत मुख्यतः उमेदवाराचें स्वतःचें गायन व शास्त्रज्ञान पाहिलें जातें. बेसूर होणाऱ्या मुलाला त्याची चूक त्याच्याच कानांनीं कशी ऐकवावी, हें तिनें सिद्ध होत नाहीं.

आमच्या मतें उपदेशक वर्गाचें मर्म गुरूच्या देखरेखीखालीं शिकविण्यांत होतें. संगीतशिक्षकांचे वर्ग चालविणारांनीं तेवढें तरी उचलावें. उमेदवाराचा ख्याल अवश्य ऐकावा. पण चाळीस मुलांपुढें तो एक साधा अलंकार कसा बसवितो, हेंही पाहावें. नाहींतर पदवीधर वाढतील, गाणारीं मुलें वाढणार नाहींत.