२०१८चा कबड्डी लिलाव : माणसाची किंमत आणि जागेची

अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात कबड्डीच्या रात्रीच्या स्पर्धा लागल्या की मैदानाच्या कडेला दोन प्रकारचे प्रेक्षक दिसतात. बहुतेकांची नजर चढाई करणाऱ्यावर असते. जाणत्यांची नजर मात्र पलीकडे उभ्या सात जणांच्या पायांवर खिळलेली असते : कोपरा किती आत आला, मध्यरक्षकाने कोणाचा हात धरलाय, साखळी कुठे सैल पडली. गुण कोणाच्या नावावर लागला हे पहिल्याला कळते. तो कोणामुळे मिळाला हे दुसऱ्याला कळते. खेळाडूंचा लिलावही याच दुसऱ्या नजरेने वाचावा, आणि तसा वाचायला प्रो कबड्डी लीगच्या सहाव्या हंगामाच्या लिलावासारखा मजकूर नाही. ३० आणि ३१ मे २०१८ रोजी तो आपल्या मुंबईतच झाला. यादीत ४२२ नावे होती, संघ बारा होते आणि प्रत्येकाच्या थैलीत चार कोटी रुपये. कबड्डीपटूवर कोटीची बोली पहिल्यांदा लागली ती याच लिलावात, आणि एकदा नव्हे, सहा वेळा.

ते सहा आकडे क्रमाने पाहू. मोनू गोयत, हरयाणा स्टीलर्स, १ कोटी ५१ लाख. राहुल चौधरी, तेलुगू टायटन्स, १ कोटी २९ लाख. दीपक हुडा जयपूरकडे आणि नितीन तोमर पुण्याकडे, दोघेही १ कोटी १५ लाखांना. रिशांक देवाडिगा, यूपी योद्धा, १ कोटी ११ लाख. आणि इराणचा फझल अत्राचली, यू मुंबा, बरोबर १ कोटी. सहांपैकी पाच जण चढाईचे, पकडीचा एकटाच. आदल्या वर्षी २०१७च्या लिलावात सर्वांत मोठी बोली ९३ लाखांची होती, तीही नितीन तोमर या चढाईपटूवरच. एकाच वर्षात बाजार एवढा चढला, तरी त्याची आवड तीच राहिली. पैसा चढाईच्या मागे धावत असताना एका संघाने कोपऱ्यावर कोटी लावले. या यादीतली पहिली सुरेख जागा हीच.

आता मोनूचा आकडा जवळून पाहू, कारण सगळ्यात जास्त शिकवतो तोच. २०१७मध्ये तो पाटणा पायरेट्सकडून खेळला आणि चढायांत १९०च्या घरात गुण मिळवून गेला. आकडा खरा होता, कष्टाचा होता. पण त्याच संघात त्याच हंगामात परदीप नरवाल होता, आणि परदीपचे चढाईचे गुण होते ३६९. हरयाणाविरुद्ध एकाच सामन्यात ३४. पाटण्याशी खेळणाऱ्या प्रत्येक संघाची रात्रीची झोप परदीपच्या डुबकीने उडवलेली असायची. त्याला बाहेर बसवण्यात समोरच्या बचावाची ताकद खर्ची पडे. मग मोनू येई, थकलेल्या आणि विखुरलेल्या बचावावर. दुसऱ्या क्रमांकाच्या चढाईपटूला मिळणारी ही सावली गुणतक्त्यात कुठेच छापलेली नसते. हरयाणाने मोनू घेतला. परदीपला पाटण्याने लिलावाआधीच राखून ठेवले होते. सहाव्या हंगामात मोनूने दीडशेच्या पुढे गुण मिळवले, म्हणजे तो अपयशी मुळीच ठरला नाही. तरीही हरयाणा आपल्या गटात तळाला राहिली. समोरच्यांची सारी तयारी आता त्याच्यासाठी होती आणि ती पेलत त्याने एवढे गुण काढले. बोलीचा आकडा बाजूला ठेवून तो हंगाम पाहिला तर या खेळाडूबद्दलचा आदर वाढतोच.

राहुल आणि रिशांक यांच्या किमतींत एक बारकावा आहे. त्या वर्षीच्या नियमात जुन्या संघाला एक हुकमाचे पान होते, ‘फायनल बिड मॅच’. बोली दुसऱ्यांनी चढवायची, शेवटचा आकडा पडला की जुन्या संघाने तेवढेच पैसे देऊन आपला माणूस परत घ्यायचा. टायटन्सने राहुलला आणि योद्धाने रिशांकला याच वाटेने घरी आणले. त्यामुळे या दोन्ही किमती ठरवल्या त्या दोघांबरोबर कधी सराव न केलेल्यांनी, आणि मोजल्या त्यांना रोज पाहणाऱ्यांनी. रिशांकच्या आकड्यामागे आणखी एक संध्याकाळ उभी होती. ५ जानेवारी २०१८ रोजी हैदराबादला त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असे हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद आणले होते. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर येणारी तिसरी, गुण आणा नाहीतर बाहेर बसा अशी, ही रिशांकची खास चढाई. तेव्हा बचाव दबा धरून बसतो, कारण घाई चढाई करणाऱ्याला असते. ती घाई अंगाला न लागू देता, मोजक्या सेकंदांत हात लांबवून निसटता स्पर्श करून येणे ही त्याची कला. हंगामभराच्या बेरजेत अशा चढाया लहान दिसतात, पण सामना हातातून निसटतानाचा गुण आणणारा माणूस कोणत्याही संघाने जपावा असाच असतो.

नितीन तोमरची बोली वाचताना पश्चातबुद्धीला शिस्त लावावी लागते. पुण्याने १ कोटी १५ लाख मोजले आणि दुखापतींनी त्याचा हंगाम अर्धवट केला. निकालावरून पाहिले तर पैसे बुडाले. पण स्नायू कधी दगा देईल हे लिलावाच्या टेबलावर बसलेल्याला दिसत नाही. जे दिसत होते ते न पाहणे ही चूक. जे दिसणे शक्यच नव्हते ते घडले, तर त्याला दुर्दैव म्हणावे. दीपक हुडाची गोष्ट याउलट. जयपूरला तो भरवशाने खेळला, चढाईबरोबर पकडीतही उतरला, तरी संघ पहिल्या चारांत आला नाही. एक माणूस दोन कामे करतो तेव्हा संघाची एक जागा वाचते, आणि ती वाचलेली जागा पुढे नीट भरली गेली तरच तिचा नफा हाती लागतो. हुडाने आपल्या वाट्याचे काम चोख केले, एवढे त्या आकड्याबद्दल निःसंकोच म्हणता येते.

आणि आता फझल. तो २०१५मध्ये यू मुंबाकडूनच या लीगमध्ये आला आणि त्याच वर्षी संघ विजेता ठरला. २०१७मध्ये गुजरातच्या डाव्या कोपऱ्यात उभा राहून तो अंतिम फेरीपर्यंत पोचला. २०१८मध्ये मुंबईने त्याला कोटी देऊन परत आणले आणि कर्णधार केले. प्रशिक्षकही इराणचेच, घोलामरेझा माझंदरानी. फझलच्या पकडीत पाहण्यासारखी गोष्ट पकडीच्या आधीच्या क्षणात असते. चढाईपटू आत शिरतो तेव्हा तो हलत नाही. पहिला मोह टाळतो, दुसराही टाळतो. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकून परत वळतो आणि त्याचे वजन मागच्या पायावर येते, तेव्हा तो घोट्यावर पडतो. उतावळा कोपरा सामन्याला चार गुण फुकट देतो. हा संयमी कोपरा ते वाचवतो, आणि वाचवलेले गुण कोणत्याही तक्त्यात येत नाहीत. त्या हंगामात सर्वाधिक १०० पकडगुण यूपीच्या नितेश कुमारने घेतले, ज्याच्यावर कोटी लागले नव्हते. फझल त्या आकड्याच्या मागे राहिला. तरी मुंबईचा बचाव ज्या एका खांबावर उभा होता तो फझल, आणि त्याच्या भोवती चाळिशी ओलांडलेला धर्मराज चेरलाथन आणि तरुण सुरेंदर सिंग यांना जागेवर बसवण्याची दृष्टी केवळ वाखाणण्यासारखी.

याच मुंबईची दुसरी बोली तर या लिलावातला सर्वांत रसाळ भाग. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई, लीगचा एकही सामना न खेळलेला, ३६ लाख ४० हजारांना. फझलवर कोटी लावल्यावर नामांकित चढाईपटूसाठी पैसे पुरणार नव्हते. मग संघाने नाव घेण्याऐवजी शरीर आणि वेग घेतला. लांब टांग, भक्कम मांडी, अंगावर दोघे पडले तरी त्यांना ओढत मध्यरेषा गाठणारी ताकद. ७ ऑक्टोबर २०१८ला चेन्नईत पुण्याविरुद्धचा पहिलाच सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला आणि त्यात या नवख्याने दहाच्या पुढे गुण घेतले. हंगाम संपला तेव्हा २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण, मोनूपेक्षा पन्नासच्या वर जास्त, चौथ्या हिश्श्याहून कमी किमतीत. मुंबई गटात दुसरी आली. यात फझलचाही वाटा आहे. मागे बचाव खंबीर असला की चढाईपटूला बाहेर बसावे लागले तरी तो लवकर परत येतो, आणि प्रत्येक चढाईत जीव मुठीत धरावा लागत नाही. पुढच्या वर्षी टायटन्सने याच सिद्धार्थला १ कोटी ४५ लाखांना घेतले, त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. त्याने पुन्हा दोनशेच्या वर गुण दिले, पण टायटन्स बारा संघांत अकरावे राहिले. तोच माणूस, तीच ताकद, फक्त मागचा कोपरा वेगळा. लिलावात खेळाडू विकत मिळतो, त्याच्या पाठीशी उभा असणारा मिळत नाही, याचा एवढा स्वच्छ दाखला कबड्डीत दुसरा सापडणार नाही.

मग बंगळुरू बुल्सची बोली, पवन सेहरावत, ५२ लाख ८० हजार. तो आधी बंगळुरूकडूनच खेळला होता. २०१७मध्ये गुजरातला गेला आणि तिथे त्याला फारसे मैदान मिळाले नाही. कागदावरचा त्याचा शेवटचा हंगाम त्यामुळे जवळजवळ कोरा. बाकीच्या टेबलांनी तो कागद वाचला. बंगळुरूने आपल्या सरावात पाहिलेला मुलगा आठवला. हंगामात पवनने चढाईचे २७१ गुण घेतले आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण त्याचे मोल कळते ते ५ जानेवारी २०१९च्या अंतिम सामन्यात. वरळीच्या डोममध्ये, बदलापूरहून लोकलने दादर गाठून जाता येईल अशा अंतरावर, गुजरातविरुद्ध मध्यंतराला बंगळुरू ९-१६ असे मागे होते. उत्तरार्धात पवनने सामना उचलला. साखळी जुळत आली की तिच्यावरून उडी, कोपरा पुढे सरला की त्याच्या पाठीमागून हात, आणि परतताना दिशा बदलून मध्यरेषा. एकट्याचे २२ गुण, निकाल ३८-३३. ज्या गुजरातने वर्षभरापूर्वी त्याला बाकावर ठेवले होते त्यांच्याच विरुद्ध. लिलावात स्मरणशक्तीलाही किंमत असते, आणि बंगळुरूने ती फार सुंदर वापरली.

यादीत नसलेली नावेही वाचावीत. नऊ संघांनी मिळून २१ खेळाडू आधीच राखले होते. परदीप त्यांत होता, आणि आपल्या शेजारचा, कल्याणचा डावा कोपरारक्षक गिरीश एर्नाकही. त्याला पुण्याने सोडलेच नाही. दिल्लीचा अठरा वर्षांचा नवीन कुमार नव्या तरुण खेळाडूंच्या वाटेने आला, हातोडा त्याच्यावर पडलाच नाही, आणि पुढच्याच हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. न लागलेल्या बोलीतही केवढी पारख असू शकते!

अमेरिकेत बास्केटबॉलच्या संघांना नवे खेळाडू पाळीपाळीने निवडता येतात, किंमत पुकारली जात नाही. १९८४ साली ह्यूस्टनने पहिला हकीम ओलाजुवान निवडला. दुसरी पाळी पोर्टलंडची. त्यांच्याकडे मायकेल जॉर्डनच्या जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर होता, म्हणून त्यांनी उंच सॅम बोवी घेतला, आणि जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मिळाला. पोर्टलंडने जागा पाहिली आणि माणूस गमावला. २०१८च्या मुंबईत हरयाणाने माणूस पाहिला आणि त्याची जागा निसटली. दोन्ही तराजू एका वेळी हातात धरणे किती अवघड, हे या दोन निवडी शेजारी ठेवल्या की उमगते, आणि मुंबई-बंगळुरूच्या त्या दोन बोलींचे कौतुक आणखी गडद होते.

आज तो लिलाव पुन्हा मांडायचा झाला तर माझा क्रम असा : पहिला पवन, दुसरा फझल, तिसरा सिद्धार्थ. पवन पहिला, कारण त्याने आपल्या जोरावर अंतिम सामना फिरवला. पुढे त्याच्यावर दोन कोटींच्या वर बोली लागल्या, म्हणजे बाजारानेही हे मान्य केले. फझल दुसरा, कारण तो शेजाऱ्याला मोठा करतो. सिद्धार्थ तिसरा, कारण एका हंगामाचा सर्वोत्तम सौदा तोच, पण पुढे दुखापतींनी त्याला पुरते फुलू दिले नाही. मोनू या क्रमात पहिल्या दहांत नक्की येईल, आणि परदीपसारखा जोडीदार मिळाला तर त्याहून वर. पुढच्या लिलावाचे आकडे वर्तमानपत्रात येतील तेव्हा किमतीच्या रकान्यावर थांबू नका. आदल्या हंगामात त्या खेळाडूच्या शेजारी कोण उभे होते ते आधी शोधा.